घाटाचा राजा

पौष पौर्णिमेला आंबेगाव तालुक्यात नागापूरच्या थापलिंग गडावर खंडोबाची यात्रा भरते. तिथून पुढे उन्हाळाभर, चैत्र-वैशाखातल्या जत्रांतून, या भागात बैलगाडा शर्यतींचा हंगाम चालतो. घोडेगाव ओलांडून भीमाशंकरच्या वाटेवर शिनोलीला या, नाहीतर जुन्नरकडे वळा, या दिवसांत पारावर एकच विषय: आज कुठला घाट, आणि कोणाचा गाडा कितीत गेला.

घाट म्हणजे गावाबाहेरची चढाची सरळ धावपट्टी. चढ असल्यामुळे वर पोचलेले बैल आपसूक दमाने थांबतात. गाड्याला चार बैल, दोन गाड्यापाशी आणि दोन पुढे. त्यांच्याही पुढे घोडी धावते, घोडीवर स्वार असतो. गाड्यावर मात्र कोणीच बसत नाही. सातारा-सांगलीकडे छकड्यावर गाडीवान असतो आणि सपाट रानात अनेक गाड्या एकदम सुटतात. विदर्भात शंकरपटाची रीत आणखी वेगळी. आपल्याकडे एका वेळी एकच गाडा पळतो. त्याची स्पर्धा घड्याळाशी.

जगात गाडीला जुंपलेल्या जनावरांच्या नावाजलेल्या शर्यती आहेत. पॅरिसजवळ व्हँसेनला 1920 पासून प्री द अमेरिक होते, अमेरिकेत 1926 पासून हॅम्बलटोनियन. तिथे हलक्या दुचाकी गाडीला एक घोडा असतो, मागे लगाम धरलेला चालक. घोड्याने दुडकी चाल सोडून चौखूर उधळायचं नाही. उधळलाच तर त्याला आवरून पुन्हा चालीवर आणावं लागतं. सगळं कसब त्या दोन हातांत. घाटात बैल एकदा सुटले की लगाम कोणाच्याच हातात नसतो. मालकाने जे काही करायचं ते आधीच करून ठेवलेलं असतं.

म्हणून घाटाच्या खालच्या टोकाला उभं राहून जुंपणी बघावी. वर गर्दी आरडाओरडा करत असते, पण कौशल्य इथे खाली दिसतं. पाच-सहा जण वेसणी धरून उभे असतात. पुढच्या जोडीतला एक बैल तिरका होतो, त्याला सरळ करेपर्यंत मागचा पाय उचलतो. पांढऱ्या खिल्लाराच्या पाठीवर भंडारा पडलेला, कान मागे गेलेले, घोडी पुढे जागच्या जागी नाचतेय. चारही तोंडं एका रेषेत आली, तो क्षण जुन्या माणसाला बरोबर कळतो. हात सुटतात, निवेदकाची ‘भिर्रर्र’ घुमते आणि बारा-तेरा सेकंदांत बारी संपते. त्यासाठी वर्षभर खुराक, पोहणी, रानातला सराव, चार बैलांची चाल एकमेकांशी जुळवणं. एकाच दावणीला असे चार बैल क्वचित मिळतात, म्हणून दोन गाडामालक आपापली जोडी आणून एकत्र गाडा जुंपतात. अशा जुगलबंदीतून गावागावांत सोयरिकीइतकी घट्ट नाती झाली आहेत.

निकालाची पद्धत मला फार आवडते. पहिल्या नंबरासाठी ठरावीक सेकंद असतात. त्या वेळेत जितके गाडे बसतील तितके सगळे पहिल्या नंबराचे, आणि बक्षीस त्यांच्यात वाटलं जातं. दिवसात पहिल्या नंबरात बसणारा पहिला गाडा तो फळीफोड. सगळ्यांत कमी वेळेचा तो घाटाचा राजा. पण हा राजा त्या घाटापुरता. पुढच्या जत्रेत त्याला पुन्हा खालून चढावं लागतं. संबंध पंचक्रोशीचं एकच अजिंक्यपद असं या परंपरेने कधी मानलं नाही.

मधली काही वर्षं घाट ओस पडले. 11 जुलै 2011 रोजी केंद्राने प्रदर्शनासाठी वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतींवरही बंदी घातली. बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी नाही, असं न्यायालयाने म्हटलं. 2017 मध्ये महाराष्ट्राने कायदा दुरुस्त केला, पण त्याच ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी द्यायला मनाई केली. अखेर 16 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने अटींवर वाट मोकळी केली. 1 जानेवारी 2022 ला आंबेगावातल्याच लांडेवाडीत गाडे पळायचे होते. करोनामुळे ऐन वेळी परवानगी मागे घेतली गेली आणि आलेले गाडे परत फिरले. 18 मे 2023 ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला.

2014 च्या निकालात बैलांच्या हालांबद्दल जे लिहिलं आहे ते खोटं नव्हतं, हे गाडाशौकिनांनी मान्य करावं असं मला वाटतं. शेपट्या पिरगाळणं, टोचणं, विजेचा झटका देणं हे काही ठिकाणी चालत होतं. आता काठी-चाबूक बंद आहे, पशुवैद्याची तपासणी झाल्याशिवाय बैल घाटात उतरत नाही, छळ झाला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. पुण्याच्या घाटातला गाडा तर मुळातच चालकाविना पळतो. मारलं नाही तरी पळणारा बैल हीच इथली खरी प्रतिष्ठा होती. नियमांनी तिला धक्का लागत नाही, उलट तिला आधार मिळतो.

बदल दुसरीकडून येतो आहे. मे 2022 मध्ये पिंपरी-चिंचवडमध्ये चिखलीला मोठी शर्यत झाली. बक्षिसांत जेसीबी, बोलेरो, ट्रॅक्टर आणि मोटारसायकली होत्या. अशा मैदानात शेवटी फायनल घ्यावीच लागते, कारण रोख रक्कम वीस गाड्यांत वाटता येते, जेसीबी वाटता येत नाही. बैलांच्या किमतीही त्याच मापाने चढल्या, आणि दोन एकरवाल्या शेतकऱ्याला चार बैल राखणं जड झालं. गावच्या जत्रेत मात्र यात्रा कमिटी अजून जुन्याच रीतीने सेकंद ठरवते आणि पहिल्या नंबराचे सगळे गाडे ढोल-ताशात एकत्र मिरवतात.