पेपर किती, प्राण किती?

ऑक्टोबर १९९९मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या ५२ गावसमूहांत एक मोठा अभ्यास सुरू झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. गर्भाशयमुखाचा कर्करोग वेळेत हुडकून मृत्यू टाळायचे, तर काय उपयोगी पडतं? एचपीव्ही या विषाणूची चाचणी, पेशी तपासणारी पॅप चाचणी, की अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून डोळ्यांनी केलेली पाहणी? बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरिअल आणि फ्रान्समधल्या लियाँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून हे काम केलं. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर हिशेब लागला. एकदाच एचपीव्ही चाचणी देऊ केलेल्या गटात या रोगाने ३४ स्त्रिया दगावल्या. जवळपास तेवढ्याच मोठ्या, पण अशी तपासणी न मिळालेल्या गटात ६४. रंगास्वामी शंकरनारायणन आणि सहकाऱ्यांचा हा पेपर २००९मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने छापला. जागतिक आरोग्य संघटना आज प्राथमिक तपासणी म्हणून एचपीव्ही चाचणीची शिफारस करते, तेव्हा तिच्यामागे मराठवाड्यातल्या या स्त्रियांनी दिलेला पुरावाही असतो.

आता संशोधकांच्या मूल्यमापनात सर्रास विचारला जाणारा आकडा घेऊ. या एका पेपरने त्याच्या लेखकाचा एच-इंडेक्स कितीने वाढतो? फार तर एकाने.

एच-इंडेक्स ही २००५मध्ये होर्हे हर्श या कॅलिफोर्नियातल्या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवलेली मोजणी. ज्याच्या २० पेपरना प्रत्येकी किमान २० सायटेशन मिळाली आहेत, म्हणजे इतर संशोधकांनी आपल्या पेपरमध्ये त्यांचा तितक्या वेळा संदर्भ दिला आहे, त्याचा एच-इंडेक्स २०. कुणी न वाचलेल्या पेपरांचा ढीग किंवा एखादंच गाजलेलं काम यांच्या जोरावर कुणी मोठा ठरू नये, हा हेतू रास्त होता. पण याच नियमामुळे हजारो सायटेशन मिळवणारा पेपर आणि जेमतेम वीस मिळवणारा पेपर एकाच मापाने मोजले जातात. लेखकांच्या यादीत पहिलं नाव कुणाचं आणि पंधरावं कुणाचं, हेही हा आकडा बघत नाही. गावोगाव फिरून स्त्रियांना तपासणीला तयार करणाऱ्या आरोग्यसेविका तर त्याच्या हिशेबातच नाहीत.

सायटेशन मोजायची सोय केली ती फिलाडेल्फियाच्या यूजीन गारफिल्ड यांनी. १९५५मध्ये ‘सायन्स’मध्ये त्यांनी ही कल्पना मांडली आणि १९६४मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रत्यक्षात आणला. एखाद्या पेपरचा धागा पुढे कुणी नेला, त्यावर आक्षेप कुणी घेतले, हे अभ्यासकाला कळावं आणि चुकीच्या कामाचा आधार कुणी डोळे झाकून घेऊ नये, असं त्यांना वाटत होतं. आज आपण नुसती बेरीज करतो, आणि त्या बेरजेत आक्षेपही कौतुकासारखाच मोजला जातो.

याची किंमत कर्करोगाच्या क्षेत्राने मोजली आहे. अमेरिकेच्या ड्यूक विद्यापीठातले अनिल पोट्टी यांनी २००६पासून नामांकित जर्नलांत दाखवलं, की गाठीतल्या जनुकांवरून कोणत्या रुग्णाला कोणती केमोथेरपी लागू पडेल हे सांगता येतं. पेपर गाजले, त्यांच्या आधारे रुग्णांवर चाचण्याही सुरू झाल्या. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कर्करोग केंद्रातल्या कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स या संख्याशास्त्रज्ञांनी मूळ आकडेवारी चिकाटीने तपासली, तेव्हा ती टिकली नाही. पेपर मागे घेतले गेले आणि सरकारी चौकशीत गैरवर्तन सिद्ध झालं. सायटेशनच्या आकड्यात यातलं काहीही दिसलं नव्हतं. दिसलं ते वाचणाऱ्यांना. २०१२मध्ये ग्लेन बेगली आणि ली एलिस यांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं, की अ‍ॅम्जेन कंपनीत कर्करोगविषयक ५३ महत्त्वाचे पेपर पडताळून पाहिले, तर निष्कर्ष पुन्हा मिळाले फक्त सहांचे. हे वाचून मी हादरले.

जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर तर संशोधकाचा नसतोच. ती जर्नलमधल्या लेखांना मिळणाऱ्या सायटेशनची सरासरी. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या ‘सीए’ या जर्नलचा २०२१चा इम्पॅक्ट फॅक्टर २८६च्या वर होता. त्याचं मोठं कारण म्हणजे त्यातले रुग्णसंख्येच्या आकडेवारीचे लेख. कर्करोगावर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिल्याच परिच्छेदात त्यांचा आधार घेतो. उपयुक्तच काम ते, पण त्या सरासरीवरून त्याच जर्नलातल्या दुसऱ्या लेखाची किंमत ठरवता येत नाही.

आणि काळाचं काय? न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राऊस यांनी १९११मध्ये कोंबडीच्या गाठीतला पेशीविरहित अर्क दुसऱ्या कोंबडीला टोचून कर्करोग संक्रमित करून दाखवला. विषाणूमुळे कर्करोग होतो हे मानायला फारसं कुणी तयार नव्हतं. नोबेल मिळालं १९६६मध्ये, वयाच्या ८७व्या वर्षी. दर पाच वर्षांनी आकडे मागणाऱ्या समितीपुढे ते काय दाखवणार होते?

हे आकडे फेकून द्यावेत असं मला वाटत नाही. एकाच विषयातल्या, साधारण सारख्या अनुभवाच्या दोघांकडे पाहताना त्यांची मदत होते. मात्र स्तनाच्या कर्करोगावर काम करणाऱ्याची तुलना लहान मुलांच्या दुर्मीळ कर्करोगावर काम करणाऱ्याशी केली, तर दुसऱ्यावर अन्याय होतो. त्याच्या विषयावर लिहिणारेच मुळात थोडे. २०१२च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने जर्नलच्या आकड्यावरून माणसाचं मोल ठरवू नका, कामातला आशय पाहा, असं बजावलं. जगभरच्या अनेक संस्थांनी त्यावर सह्या केल्या आहेत.

आपल्याकडे नेमणुका आणि बढत्या करणाऱ्या समित्यांना माझी विनंती आहे: उमेदवाराकडून त्याचे सर्वांत महत्त्वाचे पाच पेपर मागवा, त्या कामाने रुग्णासाठी किंवा पुढच्या संशोधनासाठी काय बदललं हे त्याला एका पानात लिहायला सांगा, आणि मुलाखतीआधी ते पेपर स्वतः वाचा.