गढूळ पाण्यातला गादा

अर्नाळ्याच्या समुद्रात गादा दिसायच्या आधी ऐकू येतो. तांडेलाने इंजीन बंद केलं आणि होडी भरतीच्या ओढीवर सोडली, की जवळपास कुठेतरी श्वासाचा मोठा फुसकारा होतो. मग लांब चोच वर येते, मागोमाग पाठीवरचा उंचवटा. वैतरणा जिथे समुद्राला मिळते तिथलं हे उथळ, गढूळ पाणी या कुबडवाल्या डॉल्फिनच्या आवडीचं. बोय मासळी भरतीबरोबर आत शिरते, तिच्यामागे हेही येतात.

त्या सकाळी एका पिल्लाने बोय पकडली आणि खाल्ली नाही. हवेत उडवली, पडू दिली, पाण्याखाली गाठून पुन्हा उडवली. शेजारी पोहणारी मोठी मादी मध्ये पडली नाही. "पोट भरलंय त्याचं, खेळतंय," तांडेल म्हणाले. मला त्या खेळात शिकणं दिसत होतं. इथे हातभर खोलीवरचंही दिसत नाही. निसटलेला मासा शोधायचा तो टकटक आवाज सोडून आणि त्याचा प्रतिध्वनी खालच्या जबड्यातून कानापर्यंत पोचवून. एवढी कसरत भुकेच्या वेळी कुठे जमणार? ती पोट भरल्यावरच गिरवायची.

डॉल्फिनच्या बुद्धीचे दाखले बहुतेक बाटलीनाक्या जातीचे. 2001 साली न्यूयॉर्कच्या मत्स्यालयात दोघांनी आरशात स्वतःला ओळखलं. प्रत्येकाची स्वतःची शीळ असते; तिची नक्कल ऐकवली की तो उत्तर देतो, हे 2013 मध्ये सिद्ध झालं. आपल्या गाद्यावर इतकं काम झालेलं नाही, पण त्याची हुशारी कोळ्यांना वेगळ्या वाटेने ठाऊक आहे. जाळ्यात अडकलेला मासा तो ओढून खातो, जाळं फाटतं. कधी तोच गुरफटतो, आणि श्वासाला वर येता आलं नाही तर बुडून मरतो.

ही जात 2017 पासून जागतिक यादीत संकटग्रस्त आहे. अशा संरक्षित प्राण्याला सोडवताना जाळं कापावं लागलं, तर 2018 पासून राज्य सरकार 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देतं. मला ही योजना मोलाची वाटते, कारण जाळ्यावर सुरी चालवायचा निर्णय होडीवरच, काही क्षणांत होतो.

पिल्लू अजून उड्या मारत होतं. "आज बोयशी खेळतंय, उद्या जाळ्यावर येईल," म्हणत तांडेलांनी सगळ्यांना जाळं ओढायला लावलं. अजून तासभर जाळं पाण्यात राहिलं असतं, तर मासळी जास्त मिळाली असती.