गुप्तहेर बाई : कादंबरीतली आणि खरी

दमयंतीची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. हंसाने केलेली शिष्टाई, स्वयंवराला आलेले देव, नळाचे द्यूत आणि अरण्यातला तो वियोग हे सारे आपल्या परिचयाचे असते. परंतु या विदर्भकन्येच्या कथेचा उत्तरार्ध म्हणजे एका अतिशय काटेकोर तपासाची हकिगत आहे, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही.

नळ बेपत्ता झाल्यावर दमयंती माहेरी रडत बसली नाही. तिने ब्राह्मण चहूकडे पाठविले आणि सभासभांतून म्हणावयास त्यांना एक प्रश्न पढवून दिला. त्या प्रश्नाचा अर्थ एकट्या नळालाच कळला असता. पर्णाद नावाचा ब्राह्मण उत्तर घेऊन आला. ते अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाच्या बाहुक नावाच्या सारथ्याने दिले होते. मग तिने पित्याला कळू न देता, केवळ आईच्या संमतीने, ऋतुपर्णाकडे निरोप धाडला, की उद्या सूर्योदयाला दमयंतीचे दुसरे स्वयंवर आहे. अयोध्येहून विदर्भापर्यंत एका दिवसात रथ आणील असा सारथी पृथ्वीवर एकच होता. रथ आला. तरीही बाहुकाचे विद्रूप रूप पाहून ती घाईला आली नाही. केशिनी नावाच्या दासीला तिने त्याच्यावर पाळत ठेवावयास पाठविले आणि बजावले, की त्याने मागितला तरी विस्तव देऊ नकोस, पाणीही लवकर देऊ नकोस, आणि तो काय करतो ते पाहा. केशिनीने पाहिले ते असे : रिकामी भांडी त्याच्या दृष्टीनेच भरली आणि गवताची काडी आपोआप पेटली. त्यावर दमयंतीने त्याच्या हातचे अन्न मागवून चाखले, आणि शेवटी आपली दोन्ही मुले त्याच्यापुढे पाठविली. मुलांना पोटाशी धरून तो रडला, तेव्हा कुठे तिचा तपास संपला.

प्रेम आणि तपास यांचा इतका घट्ट पीळ मला दुसऱ्या कोणत्या कथेत आढळलेला नाही. यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे केशिनी. पाकशाळेत दासी उभी राहिली तर तिच्याकडे कोण पाहतो? हेरगिरीतील स्त्रीचे सगळे सामर्थ्य या एका प्रश्नात आहे. कौटिल्यानेही ते ओळखले होते. अर्थशास्त्रात त्याने गूढपुरुषांच्या यादीत परिव्राजिकेला जागा दिली आहे. ती गरीब, धीट, विधवा ब्राह्मणी असावी आणि अंतःपुरात मान मिळवून तिने मोठमोठ्या अमात्यांच्या घरी जावे, असे त्याचे म्हणणे. जिथे पुरुषाला उंबरठा ओलांडता येत नाही, तिथे ती भिक्षेच्या निमित्ताने जाते.

इंग्रजी वाङ्मयात ही बाई फार उशिरा, व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत (१८३७-१९०१) अवतरली. १८६४ साली लंडनमध्ये गुप्तहेर स्त्री नायिका असलेली दोन पुस्तके निघाली. शेरलॉक होम्स छापखान्यातून बाहेर पडला तो १८८७ साली. म्हणजे ही बाई त्याची तेवीस वर्षांनी थोरली आहे! गंमत अशी, की त्या काळी लंडनच्या पोलीस दलात स्त्री-गुप्तहेर हा प्रकारच नव्हता. विसावे शतक उजाडून काही वर्षे लोटेपर्यंत तो आला नाही. लेखकांनी आधी कल्पना केली, सरकारने पुढे दोन पिढ्यांनी तिची नेमणूक केली.

या नायिकांची घरची स्थिती पाहिली तर फार काही कळते. १८६४ मधल्या एका पुस्तकातील मिसेस पाश्चल ही चाळिशीला टेकलेली विधवा. नवरा अचानक गेला, पैसा उरला नाही, म्हणून ही नोकरी. एका प्रसंगी भुयारात उतरता यावे म्हणून ती आपला घेरदार परकराचा सांगाडा काढून ठेवते. त्या वेळच्या वाचकाला हे किती धाडसाचे वाटले असेल! १८९४ साली कॅथरिन पर्किस या लेखिकेने लव्हडे ब्रुक निर्माण केली. तिशी उलटलेली, दिसायला अगदी सर्वसाधारण, अविवाहित. घरी दारिद्र्य आल्यावर तिने हा पेशा पत्करला आणि त्यापायी जुनी ओळखदेख तुटली. (याच पर्किसबाईंनी पतीसह बेवारशी कुत्र्यांच्या रक्षणासाठी १८९१ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या उभारणीत भाग घेतला. लव्हडेनंतर त्यांनी कथालेखन जवळजवळ सोडून दिले.) १८९७ ची डॉर्कस डीन मात्र विवाहित; पण तिचा चित्रकार नवरा आंधळा झाला आहे आणि संसार चालविण्यासाठी ही पूर्वीची नटी वेषांतराची कला तपासाच्या कामी लावते.

विधवा, थोराड कुमारिका, अपंग पतीची पत्नी. लेखकाला बाईने हे काम करावे असे तर वाटते, पण त्याला सबबही हवी असते. संसार नीट चाललेल्या बाईला कुणाच्या दारामागे उभे करावयाची त्याची छाती होत नाही. आणि तरुण कुमारिका नायिका असली, तर गोष्टीअखेर तिचे लग्न लावून तो तिला या धंद्यातून बहुधा सोडवतो. खऱ्या जगातही पहिले नाव विधवेचेच आहे. अमेरिकेत केट वॉर्न नावाची तरुण विधवा १८५६ साली शिकागोच्या पिंकर्टन कचेरीत नोकरी मागावयास गेली आणि गुप्तहेर झाली. १८६१ साली लिंकनला घातपातापासून वाचविण्यासाठी बाल्टिमोरमार्गे रात्रीच्या गाडीने नेले, तेव्हा त्याला आपला आजारी भाऊ म्हणवून सोबत करणारी हीच.

पण या धंद्याला खरी बरकत आली ती राजकारणाने नव्हे, घटस्फोटाने. १८५७ च्या कायद्याने इंग्लंडात घटस्फोटाचे न्यायालय निघाले. पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. पत्नीला मात्र व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा परित्याग असे आणखी काही शाबीत करावे लागे. शाबीत करावयाचे म्हणजे पुरावा हवा, आणि पुरावा घराच्या आत, नोकरचाकरांच्या डोळ्यांत. तिथवर पुरुष हेर पोहोचणे कठीण. म्हणून खासगी चौकशीच्या कचेऱ्या उघडल्या आणि शतकाच्या अखेरीस त्या बायकांनाही कामावर घेऊ लागल्या. कादंबरीतली बाई प्रेम की कर्तव्य या पेचात सापडलेली असते. प्रत्यक्षातली बाई दुसऱ्यांच्या आटलेल्या प्रेमाचे हिशेब तपासून पोट भरीत होती.

आता त्याच काळात आपल्या पेडण्या-डिचोलीकडे पाहा. अठराव्या शतकाच्या अखेरीस हे मुलूख पोर्तुगीज अमलाखाली आले. या नव्या काबिजादींतील हिंदूंच्या रूढी सरकारने लेखी मान्य केल्या होत्या. पोर्तुगालचा १८६७ चा नागरी कायदा १८७० पासून गोव्यात आला. घटस्फोट मात्र तिथे प्रजासत्ताक झाल्यावर, १९१० साली. तेव्हा लंडनमध्ये ज्या कोर्टाने हेर पोसले, ते कोर्टच इथे नव्हते. आणि खरे सांगावयाचे तर हेराची गरजही नव्हती. तेरेखोल नदीपलीकडच्या सावंतवाडी संस्थानातले स्थळ आले, तरी मुलाचे आजोळ कुठले, घरात कोणता आजार, शेत गहाण आहे की मोकळे, हे आठ दिवसांत कळे. काकणे भरणारा कासार, मासळी विकणारी बाई, जत्रेला आलेली आत्या, देवळाच्या पायरीवर बसलेले भाऊजी, ही सगळी मंडळी बिनपगारी खातेच होती. त्यांच्या अहवालात चहाडी किती आणि सत्य किती, हे चाळणीने चाळून घ्यावे लागे एवढेच. हेर या शब्दाला गोव्यात आणखी एक कडवट वास आहे. १९६१ पूर्वीच्या अखेरच्या वर्षांत पोर्तुगीज गुप्त पोलिसांच्या खबऱ्यांना भिऊन माणसे ओसरीवरही हळू आवाजात बोलत, ही आठवण अनेक घरांनी जपली आहे. माहिती काढणारा आणि चुगली करणारा यांत फरक करणे म्हणूनच आपल्याला थोडे जड जाते.

व्यावसायिक गुप्तहेराची गरज पडते ती ओळखीचे वर्तुळ संपते तिथे. म्हणूनच मराठी मुलखातली ही बाई मुंबईत निर्माण झाली, यात आश्चर्य नाही. मराठी रहस्यकथेने मात्र तिला फारसा वाव दिला नव्हता. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक कथा लिहिल्या, त्या हातोहाती फिरल्या. पण त्यांतले मानकरी झुंजार आणि काळा पहाड. झुंजारची पत्नी विजया सोबतीला असे, ती सोबतीलाच.

रजनी पंडित यांचा जन्म १९६२ चा, पालघरकडचा. वडील पोलिसांच्या गुप्तचर शाखेत होते आणि गांधीहत्येच्या तपासाशी त्यांचा संबंध आला होता. मुंबईच्या रुपारेल महाविद्यालयात रजनीबाई मराठी साहित्य शिकल्या. पुढे कचेरीत कारकुनी करीत असता एका सहकारी बाईच्या घरातले पैसे चोरीस जाऊ लागले आणि संशय नव्या सुनेवर आला. रजनीबाईंनी त्या घरावर नजर ठेवली. चोर निघाला धाकटा मुलगा. त्या सुनेचे पुढे काय झाले असते, याचा विचार केला म्हणजे या पहिल्या प्रकरणाचे मोल कळते. १९९१ च्या सुमारास त्यांनी मुंबईत स्वतःची संस्था काढली. भारतातील पहिली खासगी स्त्री-गुप्तहेर म्हणून त्यांचे नाव घेतले जाते, आणि दूरदर्शनने त्यांना हिरकणी पुरस्कार दिला आहे.

त्यांनी मुलाखतींत सांगितलेली एक हकिगत केशिनीची आठवण करून देणारी आहे. एका बाईवर पतीच्या आणि मुलाच्या खुनाचा संशय होता, पुरावा नव्हता. रजनीबाई त्या घरात मोलकरीण म्हणून राहिल्या, सहा महिने. बाई आजारी पडली तेव्हा तिची शुश्रूषा केली, विश्वास मिळविला. एकदा सामसूम घरात ध्वनिमुद्रण यंत्राचा बारीकसा आवाज झाला आणि बाईला शंका आली. तिने यांचे बाहेर जाणे बंद केले. पुढे भाडोत्री मारेकरी घरी आला त्या दिवशी पोलिसांना खबर पोहोचविणे भाग होते. रजनीबाईंनी स्वयंपाकघरातली सुरी आपल्याच पायावर मारून घेतली, डॉक्टरकडे जाते म्हणून रक्ताळल्या पायाने बाहेर पडल्या आणि टेलिफोन गाठला. वाचावयास ही रोमांचक गोष्ट आहे. मला मात्र त्या सहा महिन्यांचा विचार अधिक अस्वस्थ करतो. ज्या बाईला औषध पाजावयाचे, तिच्याच बोलण्याची नोंद ठेवावयाची. हे मनाने पेलणे सुरीच्या जखमेहून सोपे नसावे.

रजनीबाईंनी लग्न केले नाही. हा त्यांचा निर्णय. कोणत्याही कादंबरीकाराने त्यांच्यावर तो लादलेला नाही. परंतु त्यांच्या कचेरीत येणाऱ्यांत मोठा भाग लग्नासंबंधीच्याच चौकश्यांचा. मुलगा सांगतो ती नोकरी खरी का, त्याचे आधीचे लग्न झाले आहे का, पत्नी कुठे जाते, पती कुठे राहतो.

या धंद्याला आपल्या देशात अजून स्वतंत्र कायदा नाही. पहारेकरी पुरविणाऱ्या संस्थांसाठी २००५ साली कायदा झाला. गुप्तहेर संस्थांसाठी २००७ साली राज्यसभेत विधेयक आले, पण त्याचा कायदा झाला नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. पुढच्याच वर्षी ठाणे पोलिसांनी लोकांच्या दूरध्वनीच्या नोंदी बेकायदा मिळविल्याच्या प्रकरणात अनेक खासगी गुप्तहेरांना पकडले. त्यांत पंडितबाईंनाही अटक झाली आणि नंतर जामीन मिळाला. त्यांच्यावरील आरोपाबद्दल बोलणे न्यायालयाचे काम आहे. आपण एवढेच समजून घ्यावे, की रस्त्यावरून दिसते ते पाहणे, शेजाऱ्यांना विचारणे, जाहीर नोंदी तपासणे यांत गैर काही नाही; पण फोनच्या नोंदी, बँकेची खाती, बंद पत्रे ही कुणा खासगी माणसाने पैसे देऊन उघडावयाची वस्तू नव्हे. असे काही मिळवून देतो म्हणणाऱ्या माणसाला दारातूनच परत पाठवावे.

२०२३ च्या जानेवारीपासून मोप्याचा विमानतळ सुरू झाला आणि पेडण्यात परक्या माणसांची ये-जा वाढली. डिचोलीच्या खाणींनी हे पूर्वीच अनुभवले आहे. कासार आणि आत्या यांचे खाते आता पुरे पडत नाही. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर पतिपत्नींची मालमत्ता कायद्याने सामाईक होते. त्यामुळे चौकशी केवळ स्वभावाची नसते, इस्टेटीचीही असते. तथापि तिच्यासाठी मुंबईचा गुप्तहेर बोलावण्याआधी करण्यासारखे पुष्कळ आहे. जमीन सांगितली असेल तर एक-चौदाचा उतारा काढून पाहावा. कोर्टकचेरीचा संशय असेल तर खटल्यांची नोंद संगणकावर पाहता येते. लग्नासाठी नागरी नोंदणी कचेरीत दोन वेळा सही करावी लागते, आणि दोन सह्यांच्या मध्ये नोटीस लागते ती कुणाला हरकत असल्यास त्याने ती सांगावी म्हणूनच. गावातली माणसे त्या फळ्यापुढून रोज जातात. मुलीच्या बापाने तिथे जाऊन उभे राहावे, आणि वराच्या गावच्या दोघांना तरी सोबत न्यावे.