व्हर्जन किती?

फोन हातात आला की तो फुटलेली काच बघत नाही, चार्जिंगची पिनही तपासत नाही. आधी सेटिंग्ज उघडतो, अंगठ्याच्या एका फटक्यात यादी तळाला नेतो आणि ‘अबाउट फोन’वर थांबतो. त्या पानावर नजर जेमतेम दोन-तीन सेकंद असते. तेवढ्यात त्याचं ठरलेलं असतं, की या फोनवर गिऱ्हाइकाने पैसे घालण्यात अर्थ आहे की नाही.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडसमोर त्याचा गाळा आहे. काउंटरच्या काचेखाली टेम्पर्ड आणि कव्हरं, मागे सोल्डरिंगचं टेबल, भिंतीला विकायला ठेवलेले सेकंडहँड फोन. मालक तिशीतला. गिऱ्हाईक म्हणतं, ‘फोन लई हँग होतोय.’ हा विचारतो, ‘व्हर्जन किती?’ उत्तर येणार नाही हे त्याला माहीत असतं; उत्तराची वाट न बघताच त्याने हात पुढे केलेला असतो.

व्हर्जन बघणं तसं अवघड नाही. फक्त ते कुठे ठेवायचं यावर कंपन्यांचं एकमत नाही. सॅमसंगमध्ये ‘अबाउट फोन’च्या आत ‘सॉफ्टवेअर इन्फर्मेशन’मध्ये शिरावं लागतं. शाओमीत ‘अबाउट फोन’ सेटिंग्जच्या अगदी वर असतं, मोटोरोलात तळाशी. आयफोनला ‘जनरल’ आणि मग ‘अबाउट’. फोन मराठीत ठेवला असेल तर ‘फोनबद्दल’. गूगलने मूळ अँड्रॉइडमध्ये मराठी घातली ती 2014 साली, पाचव्या व्हर्जनपासून.

खरा गोंधळ आकड्यांचा. शाओमीच्या पानावर ‘एमआययूआय 14’ असं ठळक दिसतं आणि माणूस छाती फुगवून सांगतो, ‘चौदा आहे भाऊ.’ तो चौदा शाओमीने वरून चढवलेल्या कातडीचा. आतलं अँड्रॉइड तेरा असतं, कधी बाराच. सॅमसंगचं उलट. तिथे ‘वनयूआय 6’ वाचून आपला फोन जुनाट आहे असं वाटतं, आणि आत अँड्रॉइड 14 असतं. आयफोनवाल्यांनी तर 2025 साली अठरावरून थेट सव्वीसवर उडी मारली. वर्षाच्या आकड्याशी व्हर्जनचा आकडा जुळवायचा म्हणून. पूर्वी अँड्रॉइडला गोडाधोडाची नावं असायची: किटकॅट, लॉलीपॉप, ओरिओ, पाय. दहाव्या व्हर्जनपासून, म्हणजे 2019पासून, गूगलने ती जाहीरपणे वापरणं सोडलं. मला त्याचं वाईट वाटतं. ‘माझ्याकडे ओरिओ आहे’ हे माणसाच्या लक्षात राहायचं.

एका दुपारी एक बाई आल्या. मुलाने वापरून सोडलेला फोन. ‘नेट हाय, व्हॉट्सअ‍ॅप चालतंय, पण साइट उघडली की लाल होतंय.’ त्याने फोन घेतला आणि पहिल्यांदा घड्याळाची तारीख बघितली. बॅटरी पूर्ण मेली की काही फोन कुठल्यातरी जुन्या वर्षात जाऊन बसतात, आणि मग प्रत्येक साइट असुरक्षित आहे असं ब्राउझर सांगायला लागतो. तारीख बरोबर होती. मग ‘अबाउट फोन’. अँड्रॉइड 6.

‘मावशी, फोन चांगलाय, पण ह्याला नवीन सह्या ओळखू येत नाहीत,’ तो म्हणाला. यापेक्षा नेमकं सांगणं मलाही जमलं नसतं. आपण खरेच आहोत हे सांगण्यासाठी प्रत्येक सुरक्षित साइट एक प्रमाणपत्र दाखवते, आणि ते देणाऱ्या संस्थांची यादी फोनच्या पोटात आधीच भरलेली असते. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही फुकट प्रमाणपत्रं देणारी संस्था. जगातल्या असंख्य साइट तिच्यावर चालतात. तिची आजची मूळ सही अँड्रॉइडच्या यादीत शिरली ती 7.1.1पासून. त्याआधीच्या फोनांसाठी तिने दुसऱ्या जुन्या संस्थेची सही उसनी घेऊन काम रेटलं होतं. सप्टेंबर 2024मध्ये ती मुदत संपली. मावशींचा फोन त्या रेषेच्या अलीकडे राहिला. व्हॉट्सअ‍ॅपची रेषा वेगळी: ऑक्टोबर 2023मध्ये त्याने पाचच्या खालचे फोन सोडले, म्हणून सहावर ते अजून चालत होतं. मावशींना वाटत होतं फोन बिघडलाय. बिघडलं काहीच नव्हतं.

‘सॉफ्टवेअर मारून देतो का?’ त्यांनी विचारलं. त्याने मान हलवली. फ्लॅश मारला तरी येणार तेच सहा. कंपनीने त्या मॉडेलसाठी सात कधी काढलंच नव्हतं. नवं अँड्रॉइड गूगल बनवतं, पण ते त्या फोनच्या चिपवर चालेल असं करून देणं चिपवाल्याच्या हातात, आणि त्यावर आपली कातडी चढवून सोडणं फोन बनवणाऱ्याच्या. यातल्या एकाने हात वर केले की गाडी तिथेच थांबते. त्याने मावशींकडून पैसे घेतले नाहीत. टेबलावरचं काम सोडून हे समजावण्यात मात्र त्याचा बराच वेळ गेला, आणि त्याचं बिल होत नाही.

सेकंडहँड फोन विकायला कोणी आलं, की याच पानाकडे तो संशयाने बघतो. तिथला आकडा म्हणजे फोनने स्वतःबद्दल सांगितलेली गोष्ट. ती बदलता येते. फर्स्ट कॉपीच्या फोनांत आत जुनंपुराणं अँड्रॉइड टाकून पानावर फक्त अक्षरं बदललेली असतात. बाहेरून बघाल तर कॅमेऱ्याचे चार डोळे, खोक्यासकट.

असा एक फोन घेऊन एक पोरगा आला होता. पानावर अँड्रॉइड 14. मालकाने काही न बोलता कॅमेरा उघडला आणि स्क्रीनच्या उजव्या वरच्या कोपऱ्याकडे बघत राहिला. अँड्रॉइड 12पासून कॅमेरा किंवा माईक चालू झाला की तिथे हिरवी खूण उमटते आणि आक्रसून टिंब होऊन राहते. अ‍ॅप तुमच्या नकळत ऐकत-बघत असेल तर कळावं म्हणून ती सोय केली. या दुकानात तिचा उपयोग वेगळाच. टिंब आलं नाही.

मग त्याने ‘अँड्रॉइड व्हर्जन’ या ओळीवर पटापट टिचक्या मारल्या. ही अँड्रॉइड बनवणाऱ्यांची जुनी गंमत आहे: त्या ओळीवर भराभर बोट मारलं की त्या व्हर्जनपुरतं लपवलेलं चित्र किंवा खेळ उघडतो. बारात घड्याळ येतं, त्याचे काटे फिरवून बारा वाजवायचे. चौदात अवकाशयान. मोठ्या कंपन्यांपैकी काही जण ही गंमत काढून टाकतात किंवा बदलतात, पण नकली फोनांतलं अँड्रॉइड बहुतेक मूळ साच्यातलंच असतं. या फोनवर ओरिओचा गोल आला. त्याने तो थोडा वेळ दाबून धरला आणि काळा ऑक्टोपस स्क्रीनभर पाय पसरत पोहायला लागला. ऑक्टोपस आठव्या व्हर्जनचा, म्हणजे 2017चा.

‘मी घेतला तवा चौदाच हुतं,’ पोरगा म्हणाला. खरंच म्हणत असावा. त्यालाही कोणीतरी असाच विकला असणार. मालकाने फोन परत दिला आणि म्हणाला, ‘घरात गाणी ऐकायला ठेव. ह्याच्यात बँकेचं काही टाकू नको.’

याशिवाय त्याच्याकडे एक पक्की तपासणी आहे. फोनचा तपशील वाचणारं एक छोटं अ‍ॅप तो टाकतो आणि ‘एपीआय लेव्हल’ बघतो. अँड्रॉइडच्या प्रत्येक व्हर्जनचा हा आतला क्रमांक: पाचचा 21, नऊचा 28, चौदाचा 34. अ‍ॅप आणि प्ले स्टोअर याच क्रमांकाकडे बघून चालायचं की नाही ते ठरवतात. पानावरची अक्षरं बदलणं सोपं, हा क्रमांक वाढवला तर अ‍ॅप फोनमध्ये नसलेल्या गोष्टी मागायला लागतात आणि कोसळतात. म्हणून फसवणारे सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्येही ‘अबाउट’खाली फोन प्रमाणित आहे की नाही ते लिहिलेलं असतं. हे तर घरबसल्या कोणालाही बघता येतं, पण मी विचारलेल्यांपैकी कोणीच ते पान कधी उघडलं नव्हतं.

सगळ्यात जास्त तो वाचतो ती ओळ ‘बिल्ड नंबर’ची. (याच ओळीवर सात वेळा बोट मारलं की फोन ‘तुम्ही आता डेव्हलपर झालात’ म्हणतो. कॉलेजच्या पोरांना एवढंच माहीत असतं.) सॅमसंगचा बिल्ड नंबर म्हणजे फोनचा सातबाराच. शेवटून तिसरं अक्षर वर्षाचं: व्ही 2022, डब्ल्यू 2023, एक्स 2024. त्याच्या पुढचं महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर. शेवट ‘ए-एक्स-सी-2’ असा असेल तर ते सॉफ्टवेअर मार्च 2024मध्ये तयार झालं. शेवटून पाचव्या जागी जो अंक असतो तो एकदा वाढला की फोन त्याखालच्या सॉफ्टवेअरवर परत जात नाही. ‘नवीन अपडेटनं बॅटरी खातोय, जुनं मारून द्या’ म्हणणाऱ्यांना हा अंक दाखवून तो वाटेला लावतो.

स्क्रीन चालते पण फोन चालूच होत नाही, सारखा लोगोवर अडकतो, तेव्हा? पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण एकत्र दाबून तो रिकव्हरीत जातो. काळ्या पडद्यावर वरच्या बाजूला तिरकस रेघांनी तोडलेली बारीक अक्षरांची एक ओळ येते: कंपनी, मॉडेल, व्हर्जन, बिल्ड. तिच्या शेवटी ‘रिलीज-कीज’ असेल तर सॉफ्टवेअर कंपनीच्या सहीचं. ‘टेस्ट-कीज’ दिसलं तर कोणीतरी आत हात घातलेला आहे. ओळ एवढी बारीक असते, की तो दुसऱ्या फोनने तिचा फोटो काढून मोठा करून वाचतो.

त्याच्या शेजारी बसून बघताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. लोक विचारतात व्हर्जन, आणि तो शोधत असतो तारीख. त्याच पानावर, व्हर्जनच्या आसपास, ‘अँड्रॉइड सिक्युरिटी पॅच लेव्हल’ किंवा ‘सुरक्षा अपडेट’ अशी ओळ असते. 2015च्या जुलैत ‘स्टेजफ्राइट’ नावाचं भोक सापडलं होतं: नुसता एमएमएस पाठवून समोरच्याच्या फोनमध्ये शिरता येत होतं, त्याने तो उघडला नाही तरी. त्या धक्क्यानंतर ऑगस्टपासून गूगलने दर महिन्याला सुरक्षेची दुरुस्ती काढायला सुरुवात केली, आणि सहाव्या व्हर्जनपासून फोनवर तिची तारीख दिसायला लागली. ती तारीख सांगते, की त्या दिवसापर्यंत माहीत झालेली भोकं या फोनमध्ये बुजवली आहेत. पुढची उघडी.

म्हणून त्याच्या हिशेबात दोन वर्षांपूर्वीच्या पॅचवर थांबलेल्या चौदापेक्षा गेल्या महिन्याचा पॅच असलेला तेरा चांगला, आणि सेकंडहँडची किंमतही तो तशीच लावतो. गिऱ्हाइकांना हे पटवणं जड जातं. आकडा मोठा तो फोन चांगला, हे जाहिरातींनी डोक्यात घट्ट बसवलंय. शिवाय तारखेची ओळ बारीक आणि व्हर्जन ठळक, हा तर कंपन्यांचाच कावा म्हणायला हवा.

गूगलने पिक्सेल 8पासून, म्हणजे ऑक्टोबर 2023पासून, सात वर्षं अपडेट देण्याचं कबूल केलंय; सॅमसंगने जानेवारी 2024मध्ये एस24साठी तेच जाहीर केलं. पण हे महागडे फोन. एसटी स्टँडसमोरच्या गाळ्यात येतात ते दहा-बारा हजारांचे, आणि त्यांना एवढं लांबचं वचन सहसा मिळत नाही. युरोपीय संघात 20 जून 2025पासून नियमच आला, की मॉडेलची विक्री बंद झाल्यावरही निदान पाच वर्षं अपडेट दिले पाहिजेत. आपल्याकडे फोनच्या खोक्यावर एमआरपी असते, निर्मितीचा महिना असतो. सुरक्षा अपडेट कोणत्या सालापर्यंत मिळणार, हे मात्र मला आजवर एकाही खोक्यावर छापलेलं दिसलं नाही. औषधाच्या पट्टीवर जी सक्ती चालते ती इथेही चालायला हरकत नसावी.

तोवर एवढं करा. सेकंडहँड फोन घेताना पैसे देण्याआधी, विकणाऱ्याच्या समोरच सेटिंग्ज उघडा. सुरक्षा अपडेटची तारीख वाचा, कॅमेरा उघडून हिरवं टिंब बघा, प्ले स्टोअरमध्ये फोन प्रमाणित आहे का ते तपासा. तारीख वर्षभराहून जुनी असेल, तर त्या फोनवर यूपीआय टाकू नका.