उन्हावरची होडी : लेखांक 5
आधी छत मोजा, मग पॅनेल निवडा

गेल्या आठवड्यात आपण मोटर आणि वेगाचा हिशेब मांडला. वेग 20 टक्क्यांनी कमी केला की होडीला लागणारी ताकद जवळजवळ निम्म्यावर येते, एवढे त्यातले लक्षात ठेवा. पॅनेल निवडताना तेच कामी येणार आहे.

रायापूरहून हुबळीकडे निघाले की वाटेत उणकलचे तळे लागते. अशा शांत पाण्यावर चालवायची पाच मीटर लांबीची, चार माणसांची होडी डोळ्यांसमोर आणा. मोटर सरासरी 1 किलोवॉट घेते आणि होडी दिवसात चार तास चालते. म्हणजे रोज 4 युनिट वीज लागणार. आता छत पाहा. 400 वॉटचे काचेचे पॅनेल साधारण 1.7 मीटर लांब आणि 1.1 मीटर रुंद असते. अशी दोनच पॅनेल या छतावर नीट बसतील. धारवाड भागात स्वच्छ उन्हाच्या दिवशी 800 वॉटची ही जोडी कागदावर 4 युनिट देते. उष्णता, धूळ आणि तारांमधली घट वजा केली की हातात 3 युनिट उरतात. राहिलेले एक युनिट रात्री काठावर चार्जिंग करून भरा किंवा होडी थोडी सावकाश चालवा. जूनपासून ढग दाटले की काठावरची वीज जास्त लागेल, हेही आधीच धरून चाला.

जागा अशी मोजकी असल्याने पॅनेल मोनोक्रिस्टलाइनच घ्यावे. त्याची कार्यक्षमता 20 ते 22 टक्के असते, म्हणून तेवढ्याच छतातून जास्त वीज मिळते. वाकणारी पातळ पॅनेल वजनाला हलकी असल्याने मोह पडतो. पण ती छताला चिकटवली की खालून वारा लागत नाही आणि ती जास्त तापतात. पॅनेल 25 अंशांच्या वर जसजसे तापते, तसतशी दर अंशाला सुमारे 0.35 टक्के वीज घटते. पॅनेल 60 अंशांवर गेले की 12 टक्के गेलेच. शिवाय वाकणाऱ्या पॅनेलचे आयुष्यही कमी. काचेचे पॅनेल चार-पाच बोटे उचलून बसवा, खालून हवा खेळू द्या.

काचेच्या पॅनेलचे वजन मात्र विसरू नका. दोन्ही मिळून 40 किलोंच्या वर जातात. सातवीतला मुलगा कायमचा छतावर बसवल्यासारखेच ते आहे. होडी अरुंद असेल तर ती डोलू लागेल. तेव्हा छत ठेंगणे ठेवा आणि बॅटरी तळाशी ठेवा.

घराच्या गच्चीवर आपण पॅनेल दक्षिणेकडे कलते करतो. होडी मात्र सारखी तोंड फिरवते, तिथे कल देऊन उपयोग नाही. धारवाड साडेपंधरा अंश अक्षांशाच्या आसपास आहे. मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सूर्य इथे भर दुपारी थेट माथ्यावर येतो. त्यामुळे पॅनेल आडवे ठेवले तरी वर्षभरात फारसे नुकसान होत नाही.

खरा शत्रू सावली. पॅनेलमधले सेल एकापाठोपाठ जोडलेले असतात. झेंड्याच्या काठीची सावली किंवा बगळ्याची विष्ठा एका सेलवर पडली, तरी त्या ओळीची वीज घसरते. म्हणून छतावर काठी नको, आणि दोन पॅनेलना शक्यतो दोन स्वतंत्र एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरीला देणारे उपकरण) द्या. होडी कारवार किंवा गोव्याच्या खाऱ्या पाण्यात जाणार असेल, तर आयईसी 61701 ही खाऱ्या हवेची चाचणी उत्तीर्ण झालेलेच पॅनेल मागा.

हे सगळे मोठ्या प्रमाणावर पाहायचे असेल तर केरळात जा. वैकोम आणि तवणक्कडवू यांच्यामध्ये जानेवारी 2017 पासून ‘आदित्य’ ही 75 प्रवाशांची सौर फेरीबोट धावते. तिच्या छतावर 20 किलोवॉटची पॅनेल आहेत. बोट 20 मीटर लांब आणि 7 मीटर रुंद, दोन सांगाड्यांची आहे. त्या रुंदीमुळेच एवढी पॅनेल मावली आणि बोट स्थिरही राहिली. तिथेही वेग माफकच ठेवला आहे.

तेव्हा दुकानात जाण्याआधी टेप घेऊन होडीवर जा. छताची लांबी-रुंदी, सावलीच्या जागा आणि रोजचे तास वहीत लिहून काढा. ही वही पुढच्या आठवड्यात जवळ ठेवा; बॅटरीचा आकार आपण तिच्यावरूनच ठरवणार आहोत.