चार लाकडी डब्या आणि सेकंदाचा हजारावा भाग

बहुतेक मॉडेल टी फोर्ड गाड्यांत चालकाच्या पुढ्यातल्या फळीवर एक पेटी बसवलेली असते. झाकण उचलले की आत दाटीने उभ्या केलेल्या चार लाकडी डब्या दिसतात. प्रत्येकीच्या माथ्यावर पोलादाची एक पातळ पट्टी आणि समोरासमोर आलेले दोन पॉइंट. सिलिंडर चार, म्हणून इग्निशन कॉइलही चार. १९०८ ते १९२७ या काळात फोर्डने या गाडीचे दीड कोटीवर नग बनवले आणि तिच्या इंजिनाला ठिणगी पुरवली ती या डब्यांनी. गाडी चालू असली की त्या गुणगुणतात. त्या गुणगुणण्यामागचे विजेचे गणित शंभर वर्षांनंतरही थक्क करते, आणि ते आज हौशी माणसांनी जिवंत ठेवले आहे.

डबीत असते काय? मऊ लोखंडाच्या तारांची जुडी, तिच्याभोवती जाड तारेचे थोडे वेढे, त्यावर केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे, शेजारी एक कंडेन्सर, आणि उरलेल्या जागेत ओतलेले काळे डांबर. जाड तारेतून प्रवाह गेला की जुडी चुंबक बनते आणि माथ्यावरची पट्टी खाली खेचते. पट्टी खाली गेली की पॉइंट सुटतात, प्रवाह तुटतो, चुंबकत्व कोसळते, आणि त्या कोसळण्यातून बारीक तारेत हजारो व्होल्टची लाट उठून स्पार्क प्लगला ठिणगी पडते. पट्टी उसळून वर येते, पुन्हा तेच. कंडेन्सर पॉइंटवर उठू पाहणारी ठिणगी गिळून टाकतो, म्हणून प्रवाह झटक्यात तुटतो आणि पॉइंट जळत नाहीत.

भोपाळच्या अयोध्या नगरातल्या वाचकाला यातले अर्धे नव्याने सांगायला नको. त्याच बाजूला भेलचा कारखाना आहे. १९५६ मध्ये हेवी इलेक्ट्रिकल्स (इंडिया) या नावाने कंपनी निघाली आणि इथले ट्रान्सफॉर्मर देशभर गेले. एका वेटोळ्यातला प्रवाह बदलला की शेजारच्या वेटोळ्यात वीज उपजते, हे फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेले तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रवाह शांतपणे चढत-उतरत राहतो. कॉइलचे सारे काम तो एका क्षणात तुटण्यावर अवलंबून असते. पॅरिसमध्ये रूमकॉर्फने १८५१ च्या सुमारास अशी कॉइल नावारूपाला आणली, लन्वारने १८६० मध्ये ती आपल्या गॅस इंजिनाला जोडली, आणि तिथून ती मोटारीत आली.

१९१२ च्या कॅडिलॅकमध्ये केटरिंगची बॅटरीवर चालणारी नवी पद्धत आली. पुढे एकच कॉइल आणि डिस्ट्रिब्यूटर हीच सर्वत्र रीत झाली. फोर्ड मात्र चार कॉइलना चिकटून राहिला, आणि मला त्याचे कारण पटते. मॉडेल टीच्या फ्लायव्हीलवरच १६ चुंबक बसवलेले असतात. इंजिन फिरले की ते स्थिर वेटोळ्यांसमोरून जातात आणि वीज तयार होते. हाच तिचा मॅग्नेटो. चालण्यासाठी बॅटरी लागत नाही, ती चार्ज करण्याची चिंता नाही. शहरापासून दूर राहणाऱ्या शेतकऱ्याला याहून सोयीचे काय असणार?

या सोयीचीच एक किंमत होती. मॅग्नेटोची वीज उलटसुलट वाहते. फ्लायव्हीलच्या एका फेऱ्यात तिच्या १६ लाटा येतात, म्हणजे दर साडेबावीस अंशांना एक. कोणत्या सिलिंडरची पाळी ते ठरवणाऱ्या टायमरने कॉइलला जोडणी दिली तरी ठिणगी लगेच पडत नाही. लाट पट्टी खेचण्याइतकी चढावी लागते. मिनिटाला १००० फेरे घेणारे इंजिन सेकंदाच्या हजाराव्या भागात ६ अंश फिरते, आणि एक अख्खी लाट पावणेचार हजारांशांत येऊन जाते. म्हणून एखादी कॉइल तिच्या बहिणींपेक्षा एक हजारांश उशिरा सुटली तर तो सिलिंडर ६ अंश मागे पडतो. पट्टी फारच ताठ असली तर ती लाट हुकते आणि ठिणगी पुढच्या लाटेवर, साडेबावीस अंश उशिराने पडते. इंजिन धडधडते, चढावर दम सोडते, आणि मालक कार्बोरेटरला दोष देत बसतो.

कॉइल लावणे म्हणजे चौघींची वेळ जुळवणे. ठिणगी किती लांब, किती निळी, हा प्रश्न दुय्यम. तानपुऱ्याच्या चार तारा कानाने जुळतात, या चार कॉइल कानाने जुळत नाहीत. बॅटरीवर चारही गोड गुणगुणतील आणि तरी मॅग्नेटोवर चौघी चार वेळांना सुटतील, कारण बॅटरीचा प्रवाह सरळ आहे आणि त्याला लाटा नाहीत.

यासाठी फोर्डच्या विक्रेत्यांकडे हाताने फिरवायचे एक तपासयंत्र असे. त्यात मॉडेल टीचाच मॅग्नेटो, एक दांडा, एक अ‍ॅमीटर आणि एक गोल कडे. कॉइल लावून दांडा फिरवला की कड्यावर ठरल्या जागी १६ ठिणग्या दिसायला हव्यात, एकेकट्या आणि सारख्या. एखादी जागा रिकामी राहिली तर कॉइल लाट चुकवते आहे. एका जागी दोन दिसल्या तर पॉइंट स्वच्छ सुटत नाहीत. आधी पॉइंट घासून समांतर करायचे आणि पट्टी खाली दाबून धरून त्यांच्यातली फट ०.०३० इंचांच्या आसपास, म्हणजे पाऊण मिलिमीटर ठेवायची. मग पट्टीला हलके ठोके देऊन तिचा ताण असा आणायचा की अ‍ॅमीटरचा काटा १.३ वर थांबेल. वरच्या पॉइंटमागे आणखी एक चिमुकली स्प्रिंग असते. ती पट्टीबरोबर कणभर खाली येते, तेवढ्यात पट्टीला वेग मिळतो आणि पॉइंट झटक्यात सुटतात. या स्प्रिंगची हालचाल ०.००५ इंच. लावणाऱ्याचे खरे कसब इथे दिसते.

मॉडेल टी बंद झाली, विक्रेत्यांनी तपासयंत्रे अडगळीत टाकली. हौशी मंडळींनी ती शोधून काढली. ज्यांना मिळाली नाहीत त्यांनी भंगारातल्या इंजिनाचा फ्लायव्हील आणि वेटोळी घेऊन स्वतः बनवली. मॉडेल टी फोर्ड क्लब इंटरनॅशनल १९५२ पासून आहे; मॉडेल टी फोर्ड क्लब ऑफ अमेरिकाचे संग्रहालय इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी आहे. ज्याच्याकडे यंत्र आहे तो इतरांच्या कॉइल लावून देतो आणि कसे लावायचे तेही शिकवतो. मूळ कंडेन्सर कागद आणि धातूच्या पातळ पत्र्याचे. इतक्या वर्षांत ते गळके होतात. डांबर खरवडून तिथे ०.४७ मायक्रोफॅरडचा नवा कंडेन्सर बसवावा, हे शहाणपण याच देवाणघेवाणीतून रुजले. आता मायक्रोप्रोसेसरवर चालणारी उपकरणेही निघाली आहेत. ती प्रत्येक कॉइल सुटायला लागलेला वेळ थेट मोजतात.

भारतात या गाड्या कॅनडातल्या फोर्डकडून उजव्या स्टिअरिंगच्या येत आणि १९२६ मध्ये फोर्डने मुंबईत आपली भारतीय कंपनी काढली. इथे मॉडेल टी कमी उरल्या असल्या तरी ज्याने पद्मिनीचे किंवा अ‍ॅम्बॅसेडरचे पॉइंट फिलर गेज घालून लावले आहेत, त्याला हे काम परके वाटणार नाही. रस्त्यात मॉडेल टीचे इंजिन अडखळू लागले तर जुनी युक्ती अशी: इंजिन चालू ठेवून, इतर कुठे हात न लावता एकेका कॉइलची पट्टी बोटाने दाबून धरायची. जी दाबल्यावर आवाजात काहीच फरक पडत नाही तिचा सिलिंडर काम करत नाही. ती कॉइल शेजारच्या खाचेत घालून पाहायची. दोष तिच्याबरोबर सरकला तर कॉइल बिघडलेली, जागेवरच राहिला तर प्लग, वायर किंवा टायमर बघायचा. म्हणून जाणकार लांबच्या प्रवासात लावलेली पाचवी कॉइल सोबत ठेवतात.

चारही नीट लागल्या की ही गाडी एक अचाट गोष्ट करते. नुकतेच बंद केलेले गरम इंजिन, एखादा पिस्टन ज्वलनाच्या फेरीत माथ्यावरून किंचित खाली थांबलेला, सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ अजून शिल्लक. अशा वेळी किल्ली बॅटरीकडे फिरवली की त्या सिलिंडरची कॉइल गुणगुणू लागते, ठिणग्या पडतात, आणि दांडा न मारता, स्टार्टर न लावता इंजिन आपोआप फिरू लागते. दर वेळी हे जमत नाही. दांडा मारायचाच असेल तर ठिणगीचा लिव्हर आधी वर, म्हणजे उशिराच्या बाजूला ढकलायचा. ठिणगी लवकर पडली तर दांडा उलटा फिरतो आणि मनगट मोडते.