थोडं डावं-उजवं असायचंच

काही वर्षांपूर्वी माझ्या दवाखान्यात एक 14 वर्षांची मुलगी आली होती. बरोबर आई आणि आत्या. ऐन उकाड्याचे दिवस होते, तरी मुलीने अंगात जाड जॅकेट घातलं होतं आणि त्याची चेन गळ्यापर्यंत ओढली होती. शाळेच्या खो-खोच्या संघातून तिने नाव काढून घेतलं होतं. घरी कारण सांगितलं होतं, पाय दुखतात. काय होतंय, असं मी विचारलं तेव्हा आई मुलीकडे बघायला लागली आणि मुलगी जमिनीकडे. शेवटी आईच हळू आवाजात म्हणाली, “डॉक्टर, हिची छाती एका बाजूला भरलीय आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ काहीच नाही. पुढं लग्नाच्या वेळी काय सांगायचं?”

पायाचं दुखणं मग आपोआपच मागे पडलं.

हा प्रश्न घेऊन येणाऱ्या मुली थोड्या नाहीत; येतात त्यांच्यापेक्षा न येणाऱ्या जास्त असाव्यात. म्हणून आज त्याबद्दल मोकळेपणाने बोलू या.

आपल्या शरीराच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या कधीच नसतात. बांगड्या भरताना एका हातात त्या सहज चढतात, दुसऱ्या हाताला कासारणीला जरा जोर लावावा लागतो. त्याचं आपल्याला काही वाटत नाही. स्तनांचंही तसंच आहे. बहुतेक स्त्रियांमध्ये आकारात, उंचीत किंवा बोंडाच्या दिशेत थोडा तरी फरक असतो. फक्त दुसऱ्या कुणाचं आपण पाहिलेलं नसतं, म्हणून प्रत्येकीला वाटतं की हे आपलंच वेगळं आहे.

वाढीच्या वयात हा फरक जास्त जाणवतो. साधारण 8 ते 13 या वयात बोंडाखाली सुपारीएवढी टणक, हात लावला तर दुखणारी चकती लागते. ती बऱ्याचदा आधी एकाच बाजूला येते आणि दुसरी बाजू काही महिने मागे राहते. आई घाबरून ‘गाठ’ दाखवायला आणते. पण ती गाठ नसते, तो स्तनाचा अंकुर असतो. तो कापून काढला तर त्या बाजूचा स्तन पुढे वाढतच नाही. त्यामुळे या वयात घाईने कुणाला काही कापू देऊ नका. स्तनांची वाढ पुरी व्हायला चार-पाच वर्षं, कधी त्याहूनही जास्त काळ लागतो. मधल्या काळात मागे राहिलेली बाजू बऱ्याच मुलींमध्ये पुढे भरून येते.

काही मुलींमध्ये मात्र फरक मोठा असतो आणि त्यामागे कारण सापडतं. एखाद्या स्तनात फायब्रोअ‍ॅडिनोमा नावाची साधी, कर्करोगाची नसलेली गाठ भराभर वाढते आणि ती बाजू मोठी दिसू लागते. ती शस्त्रक्रियेने काढता येते. पाठीचा कणा एका बाजूला वाकलेला असेल तर छातीचा पिंजरा फिरतो आणि स्तन सारखे असूनही लहान-मोठे भासतात. लहानपणी छातीवर उकळतं पाणी किंवा चहा सांडून भाजलेलं असेल तर तो आवळलेला व्रण खालच्या वाढीला जागाच देत नाही. क्वचित एखादीच्या छातीचा एका बाजूचा मोठा स्नायू जन्मतःच अपुरा असतो. त्याच बाजूची बोटंही कधी आखूड किंवा जुळलेली असतात. लंडनमधल्या आल्फ्रेड पोलंड यांनी 1841 मध्ये या दोषाचं वर्णन केलं, म्हणून त्याला पोलंड सिंड्रोम म्हणतात.

आणखी एक कारण आपल्या घरातच घडतं. नवजात बाळाची छाती, मुलगा असो वा मुलगी, आईच्या संप्रेरकांमुळे काही दिवस फुगलेली असते. कधी दुधासारखा थेंबही येतो. न्हाऊ घालणारी बाई, नाहीतर घरातलीच एखादी आजी, ते ‘दूध’ पिळून काढते. त्यातून जंतुसंसर्ग होतो, पू होतो आणि तो काढण्यासाठी चीर द्यावी लागते. या सगळ्यात अंकुराला इजा झाली, तर त्याची खूण 12-13 वर्षांनी दिसते. बाळाची छाती पिळू नका. ती काही आठवड्यांत आपोआप ओसरते.

माझ्याकडे आलेल्या मुलीला यातलं काहीच नव्हतं. गाठ नव्हती, स्नायू आणि कणा नीट होते. मी तिला सांगितलं, “बाळ, तुझी वाढ अजून चालू आहे. दर सहा महिन्यांनी दाखवून जा. तोवर मोठ्या बाजूच्या मापाची ब्रेसियर घ्यायची आणि लहान बाजूला आतून मऊ पॅड ठेवायचं. खेळताना घट्ट बसणारी स्पोर्ट्स ब्रा घाल, पॅड हलत नाही.” एवढ्या साध्या उपायावर पुष्कळ जणींचं आयुष्यभर भागतं.

वाढ थांबल्यावर, म्हणजे साधारण अठराव्या वर्षानंतर, फरक फार असेल आणि तो मनाला खात असेल तर प्लास्टिक सर्जनचा सल्ला जरूर घ्यावा. मोठी बाजू लहान करता येते, ओघळलेली उचलता येते, लहान बाजूत सिलिकॉनचं इम्प्लांट किंवा पोटा-मांडीवरची चरबी भरता येते. पण दुसरी बाजूही ऐकून घ्यावी. व्रण राहतात. स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर अंगावर पाजायला अडचण येऊ शकते, बोंडाची संवेदना कमी होऊ शकते. इम्प्लांट जन्मभराचं नसतं, पुढे बदलावं लागू शकतं. खडबडीत पृष्ठभागाच्या काही इम्प्लांटचा एका दुर्मिळ कर्करोगाशी संबंध आढळला आणि 2019 मध्ये ती जगभरातून परत मागवण्यात आली. म्हणून कोणतं इम्प्लांट घालणार, हे विचारायला लाजू नये. तेलं, मलमं, मालिश यांनी मात्र एका बाजूचा स्तन वाढत नाही. व्यायामाने वाढतो तो खालचा स्नायू.

हे सगळं मी सांगत होते आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेली आत्या मन लावून ऐकत होती. मुलीला धीर द्यायला म्हणून ती म्हणाली, “बघ, डॉक्टर म्हणतात ना, असतंच असं. माझंही आता एका बाजूला लहान झालंय वर्षभरापासून. मी कुठं काय म्हणते?”

‘वर्षभरापासून’ या शब्दाशी मी थांबले. बाईंचं वय 52. मुलीला बाहेर बसवून मी त्यांना तपासलं. एक स्तन आक्रसला होता, बोंड आत ओढलं गेलं होतं आणि त्यामागे कडक गाठ लागत होती. दुखत नाही, म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मॅमोग्राफी आणि बायोप्सी झाली. कर्करोगच निघाला. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिएशन, सगळं पार पाडून त्या आज तपासणीला नियमित येतात. पण एक वर्ष वाया गेलं होतं, आणि त्या वर्षाची किंमत त्यांना जास्त उपचार घेऊन मोजावी लागली.

म्हणून या विषयात विचारायचा पहिला प्रश्न ‘फरक किती?’ हा नाही. ‘केव्हापासून?’ हा आहे. वयात येताना आलेला आणि तसाच राहिलेला फरक ही तुमची ठेवण आहे. पाळीच्या आधी स्तन जड होतात, बाळ एकाच बाजूला जास्त पीत असेल तर ती बाजू मोठी दिसते. हेही स्वाभाविक आहे. पाजताना लहान बाजूपासून सुरुवात केली की फरक कमी होतो. पण वाढ पुरी झाल्यावर नव्याने एक बाजू लहान, मोठी किंवा कडक झाली, त्वचेला खळी पडली किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागली, बोंड आत ओढलं गेलं, त्यातून रक्त आलं, काखेत गाठ लागली, तर दुखत नसलं तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. दाखवलेली प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, बहुतेक नसतातच. पण भारतात स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे.

तपासणीला नेहमी मोठी यंत्रं लागतात असंही नाही. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाने 1998 मध्ये सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यातल्या निम्म्या स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासले. 2021 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्यांपैकी 50 आणि त्यापुढच्या वयाच्या स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले होते. जाणत्या हातांनी वेळेवर तपासलं तर एवढा फरक पडतो.

त्या दिवशी मुलगी जाताना दारात थांबली आणि तिने एकच विचारलं, “म्हणजे मी खेळू शकते?” हा प्रश्न तिला वर्षभर कुणालाच विचारता आला नव्हता. त्याच घरात आत्याही आपलं वर्षभराचं गुपित सांभाळून होती. एकीने नको ती भीती बाळगली आणि दुसरीने हवी ती बाळगली नाही. कारण दोघींचं एकच, हा विषय घरात निघतच नव्हता. आपल्या लेकींशी तो काढा. आणि स्वतःला आरशात एकदा नीट पाहून ठेवा. आपली ठेवण आपल्याला ठाऊक असेल, तरच बदल झालेला कळेल.